खिशात फोन असताना वेगळा म्युझिक प्लेअर कशाला? नवा वॉकमन आणि जुना आयपॉड यांची तुलना काय सांगते?

गाणी ऐकायला बहुतेकांना आज फोन पुरतो. तरीही सोनी अजून वॉकमन बनवते आणि उत्पादन बंद झालेल्या आयपॉडला जुन्या वस्तूंच्या बाजारात आजही गिऱ्हाईक मिळते. असे का? एक नवा वॉकमन आणि पंधरा वर्षे वापरलेला आयपॉड महिनाभर शेजारीशेजारी ठेवून पाहिल्यावर मिळालेली ही उत्तरे.

तुलना कशासाठी?

सुरुवात घरातल्या अडचणीतून झाली. माझे वडील सांगलीला असतात, वय ७८. शाळेत शिक्षक होते आणि संध्याकाळी पेटीची साथ करत. १९८२ ते १९९५ या काळात त्यांनी जवळपास १४० कॅसेट भरल्या. त्यात त्यांच्या गुरुजींची तालीम आहे, गणपतीतल्या बैठका आहेत, मिरजेला अंबाबाईच्या नवरात्रात ऐकलेली गाणी आहेत. गुरुजी आता नाहीत. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका कधी निघाली नाही. म्हणजे त्यांचा आवाज जगात फक्त या कॅसेटवर आहे.

२०१० साली आम्ही टेपरेकॉर्डर संगणकाला जोडून सगळ्या कॅसेट उतरवून घेतल्या. त्याला अख्खा हिवाळा लागला. त्या फाइल्स वडिलांच्या आयपॉडवर टाकल्या आणि आम्ही निर्धास्त झालो. २०१९ मध्ये तो संगणक बंद पडला, त्यातली हार्ड डिस्क वाचलीच नाही. दुसरीकडे कॉपी ठेवलेली नव्हती. माळ्यावरच्या कॅसेट काढल्या, तर निम्म्यांना बुरशी लागलेली. थोडक्यात, त्यातल्या अनेक बैठका आता फक्त त्या आयपॉडवर उरल्या होत्या.

यंदा आयपॉडची बॅटरी तीन तासांवर आली. भाचीने सिंगापूरहून येताना नवा वॉकमन आणला. वडिलांचा पहिला प्रश्न होता, ‘‘अरे, यात गुरुजी येतील का?’’

ही दोन यंत्रे नेमकी कोणती?

जुना म्हणजे २००९ च्या अखेरीस आलेला १६० जीबीचा आयपॉड क्लासिक. वजन १४० ग्रॅम, अडीच इंची पडदा, मधोमध बोट फिरवायचे चाक आणि आत १.८ इंची फिरती हार्ड डिस्क. ब्लूटूथ नाही, वाय-फाय नाही. ॲपलने सप्टेंबर २०१४ मध्ये हे मॉडेल थांबवले आणि मे २०२२ मध्ये शेवटचा आयपॉड टच बंद करून आयपॉडचा अध्याय संपवला. २३ ऑक्टोबर २००१ ला पहिला आयपॉड दाखवला, तेव्हा त्याची क्षमता ५ जीबी होती.

नवा म्हणजे सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेला हा वॉकमन अँड्रॉइड १२ वर चालतो. पडदा ३.६ इंच, वजन ११३ ग्रॅम, ३.५ मिमीची हेडफोनची खाच, यूएसबी-सी, वाय-फाय, ब्लूटूथ आणि मेमरी कार्डची जागा. पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. त्यात कॅसेट घालावी लागे, आणि दोघांना एकत्र ऐकता यावे म्हणून हेडफोनच्या दोन खाचा होत्या. या नव्या यंत्रात नाव तेवढे जुने आहे. आतून ते बरेचसे सिम कार्ड नसलेल्या छोट्या फोनसारखे आहे.

बॅटरीबाबत एक योगायोग आहे. दोन्ही कंपन्यांचा दावा ३६ तासांचाच. सोनीचा आकडा ४४.१ किलोहर्ट्झच्या फ्लॅक फाइल्स ऐकल्या तर. ॲपवरून स्ट्रीमिंग केले तर कंपनीच तो २६ तासांपर्यंत खाली आणते. त्यामुळे असे यंत्र घेतल्यावर वाय-फाय गरजेपुरतेच चालू ठेवावे.

‘४० हजार गाणी’ म्हणजे किती?

आयपॉड क्लासिकची जाहिरात ‘४० हजार गाणी’ अशी होती. हा हिशेब एक गाणे चार मिनिटांचे आणि १२८ केबीपीएस दर्जाचे धरून केलेला आहे. या दर्जाला एक मिनिट साधारण एक एमबी घेते. म्हणजे गाण्याला चार एमबी आणि ४० हजार गाण्यांना १६० जीबी. मात्र पाऊण तासाचा विलंबित ख्याल या हिशेबात अकरा गाण्यांची जागा घेतो.

म्हणून ‘किती गाणी’ असे न विचारता ‘किती तास’ असे विचारावे. ढोबळ मानाने तासाला लागणारी जागा अशी :

• एमपी३, १२८ केबीपीएस : सुमारे ५८ एमबी
• एमपी३, ३२० केबीपीएस : सुमारे १४४ एमबी
• फ्लॅक, सीडीच्या दर्जाची : साधारण ३५० एमबी (संगीतानुसार कमी-जास्त)
• सीडीवरचा मूळ, न दाबलेला आवाज : सुमारे ६३५ एमबी

वडिलांच्या १४० कॅसेट प्रत्येकी तासाभराच्या धरल्या आणि फाइल्स १९२ केबीपीएसच्या असल्या, तर सगळा संग्रह १२ जीबीत बसतो. नव्या वॉकमनची क्षमता ३२ जीबी अशी लिहिलेली असते. पण अँड्रॉइडने घेतलेली जागा सोडून वापरायला साधारण १८ जीबीच उरते, हे कंपनीच्याच तपशिलात आहे. संग्रह त्यात मावला. पण बुरशी न लागलेल्या कॅसेट पुन्हा उतरवायच्या ठरवल्या आणि त्या फ्लॅकमध्ये ठेवल्या, तर साठ तासांनाच २१ जीबी लागतील. त्यासाठी मेमरी कार्ड हवेच. आयपॉडमध्ये कार्डाची सोय नाही, पण त्याची मूळ क्षमताच मोठी आहे.

आवाजात खरेच फरक पडतो का?

दोन्हींवर त्याच फाइल्स, तोच तारेचा हेडफोन, आणि कानाला सारखा वाटेल इतका आवाज. शेवटची अट महत्त्वाची आहे. दोन यंत्रांपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा असेल, तेच आपल्याला ‘चांगले’ वाटते. दुकानातल्या तुलना इथेच फसतात.

मी डोळे मिटून बसलो आणि भाची यंत्रे बदलत गेली. कॅसेटवरून उतरवलेल्या तालमीचे बारा तुकडे ऐकले, त्यातले सात ओळखले. नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. सीडीवरून घेतलेल्या एका सतारवादनात वॉकमनवर तरफांचा झंकार जरा मोकळा वाटला. पण पैजेवर सांगता येईल इतका तो फरक नव्हता.

कारण साधे आहे. आवाजाचा दर्जा साखळीतल्या सगळ्यात कच्च्या कडीवर ठरतो. घरगुती टेपरेकॉर्डरवर, एका मायक्रोफोनने, पंख्याच्या घरघरीत भरलेल्या कॅसेटमध्ये मुळात जे उतरलेच नाही, ते महागडा प्लेअर कुठून आणणार? एमपी३ बनवताना कापला गेलेला भागही ती फाइल फ्लॅकमध्ये बदलल्याने परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

‘हाय-रेझोल्युशन’ या शब्दाचेही तेच. सीडीमध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, त्यातून सुमारे २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज नोंदवता येतो. तरुण, निरोगी कानाची मर्यादा २० हजारांच्या आसपास असते आणि वयाबरोबर ती खाली येते. मोठ्या आकड्यांच्या फाइल्स ध्वनिमुद्रण आणि संपादन करणाऱ्यांना उपयोगी पडतात. ऐकणाऱ्याने आधी हेडफोनवर खर्च करावा.

ब्लूटूथचा मुद्दाही इथेच येतो. वॉकमनमधले एलडीएसी तंत्र जास्तीत जास्त ९९० केबीपीएस वेगाने आवाज पाठवते, सीडीचा मूळ वेग १,४११ केबीपीएस आहे. म्हणून फ्लॅक जशीच्या तशी ऐकायची असेल तर तार हवी.

ख्याल ऐकणाऱ्याला ‘गॅपलेस’ का लागते?

चित्रपटगीतांत दोन गाण्यांमध्ये क्षणभर शांतता आली तर बिघडत नाही. पण अनेक शास्त्रीय सीडींवर विलंबित आणि द्रुत बंदिशी वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात, प्रत्यक्षात मात्र गाणे थांबलेले नसते. तबल्याचा ठेका चालू असताना मध्येच अर्धा सेकंद गप्प झाला, तर सम हुकल्यासारखे वाटते.

ही फट बऱ्याचदा फाइलच्या प्रकारामुळे येते. एमपी३ बनवताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटते. ती किती आहे याची नोंद फाइलमध्ये असेल आणि प्लेअरने ती वाचली, तरच सांधा कळत नाही. फ्लॅकमध्ये मुळातच ही भर पडत नाही. आयपॉडमध्ये सलग वाजवण्याची सोय २००६ पासून आली. नवा प्लेअर घेताना आपल्या ओळखीची, ट्रॅक तुटलेली एखादी सीडी त्यावर टाकून हे तपासून पाहावे.

आमच्यासाठी मी वेगळा उपाय केला. प्रत्येक कॅसेटच्या दोन बाजू संगणकावर जोडून एकच फाइल केली. अर्थात बैठक रंगात असताना कॅसेट उलटेपर्यंत जी एक-दोन आवर्तने निसटली, ती कुठलाच प्लेअर परत आणू शकत नाही. वडिलांना त्या जागा पाठ आहेत. तिथे आले की ते स्वतः मांडीवर ठेका धरून मधली जागा भरून काढतात.

वापरायला सोपे कोणते?

या परीक्षेत निकाल अनपेक्षित लागला. वडिलांना आता मधोमध धूसर दिसते. त्यांच्यासाठी पडदा असला काय नि नसला काय, सारखाच.

आयपॉडच्या चाकावर बोट फिरवले की प्रत्येक ओळीला बारीक ‘टिक्’ वाजते. पंधरा वर्षांत वडिलांनी ती मोजणी पाठ केली आहे. इतक्या टिका म्हणजे गुरुजींचा मारवा, इतक्या म्हणजे गणपतीची बैठक. अंधारातही हवे ते लावतात.

नव्या वॉकमनला कडेला खरी बटणे आहेत. सुरू-बंद, पुढे, मागे, आवाज कमी-जास्त आणि चुकून दाबले जाऊ नये म्हणून एक खटका. खिशात हात घालून ती चाचपता येतात, आणि फोनच्या तुलनेत हा मोठाच फायदा आहे. पण एका संग्रहातून दुसऱ्यात जायचे तर पडद्याला हात लावावा लागतो, आणि गुळगुळीत काचेवर बोटाला खूण सापडत नाही. तरुणाला हे जाणवणारही नाही. ज्याची नजर गेली आहे, त्याला तिथेच अडायला होते.

शेवटी मी वडिलांच्या आवडीच्या चाळीस फाइल्सची एकच यादी केली, त्यांनी सांगितलेल्या क्रमाने. आता ते ‘पुढे’चे बटण मोजत जातात. टिकांची जागा दाबण्याने घेतली.

फाइल्स कुणाच्या ताब्यात राहतात?

माझ्या मते तुलनेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. आयपॉडवर गाणी आयट्यून्समधूनच टाकावी लागत आणि आत गेल्यावर ती एका लपवलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरांच्या निरर्थक नावांनी साठवली जात. आयपॉड संगणकाला जोडून नुसते पाहिले तर ‘मारवा’ नावाची फाइल दिसत नाही. मात्र फाइलच्या पोटात गायक, राग, तारीख ही माहिती भरलेली असेल, तर ती तशीच राहते. २०१० च्या हिवाळ्यात वडिलांनी हट्टाने प्रत्येक फाइलला राग, ठिकाण आणि साल लिहायला लावले होते. तेव्हा मी वैतागलो होतो. यंदा त्याच माहितीवरून एका मोफत प्रोग्रॅमने सगळ्या फाइल्सना पुन्हा नावे दिली. दोन दिवसांत संग्रह जागेवर आला.

नव्या वॉकमनवर हे काम सरळ आहे. यूएसबी-सी वायर जोडायची, फोल्डर उचलून टाकायचा. नावे तशीच राहतात, देवनागरीतही. उद्या काढून घ्यायचे तर तसेच उलट.

दुसरी बाजूही आहे. पंधरा वर्षांत आयपॉडला कुठलाही अपडेट लागला नाही, कारण त्याला बाहेरच्या जगाकडून काहीच नको असते. अँड्रॉइडवरची स्ट्रीमिंग ॲप्स मात्र काही वर्षांनी जुन्या आवृत्तीवर चालेनाशी होतात. वॉकमनमध्येही तसे होऊ शकते. तेव्हा स्ट्रीमिंग जाईल, पण साठवलेल्या फाइल्स वाजत राहतील. असे यंत्र घेणाऱ्याने त्यातल्या ॲप्सना बोनस समजावे.

स्ट्रीमिंग पुरत नाही का?

ज्यांची आवड प्रसिद्ध झालेल्या गाण्यांपुरती आहे, त्यांना नक्की पुरते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, सेवा बंद होतात. गुगल प्ले म्युझिक २०२० मध्ये संपले. रेसो जानेवारी २०२४ च्या अखेरीस बंद झाले आणि एअरटेलने विंक म्युझिक गुंडाळण्याची घोषणा ऑगस्ट २०२४ मध्ये केली. सेवा चालू असूनही गाणी जातात. मार्च २०२३ मध्ये परवान्याचा करार न जुळल्याने झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून उतरली होती. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले गाणेही आपल्या मालकीचे होत नाही, वर्गणी थांबली की ते वाजत नाही.

दोन, जे कधी प्रसिद्धच झाले नाही, ते तिथे येणार कुठून? घरातली तालीम, आजीच्या ओव्या, गावातले भजनी मंडळ, जत्रेतला तमाशा, कीर्तनकाराचा पूर्वरंग. कॅसेट स्वस्त झाल्यावर महाराष्ट्रात घरोघरी असे ध्वनिमुद्रण झाले. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्या प्रकाशकांनी काढलेल्या शास्त्रीय संगीताच्या कॅसेटही अनेक घरांत आहेत. हा सगळा साठा आता तीस-चाळीस वर्षांचा झाला आहे आणि चुंबकीय फीत कायम टिकत नाही.

फोन किंवा स्वस्त पर्याय चालेल का?

चालेल. फोनमध्ये मेमरी कार्डची सोय आणि हेडफोनची खाच असेल, तर वेगळे यंत्र घेण्याची गरज नाही. पण अनेक महागड्या फोनमधून या दोन्ही गोष्टी गेल्या आहेत. शिवाय आलापात मध्येच फोन वाजतो. घरात पडून असलेला जुना फोन सिम काढून, वाय-फाय बंद करून वापरला, तर तोच फुकटचा म्युझिक प्लेअर होतो.

ज्येष्ठांसाठी सारेगामाचा कारवाँ हा लोकप्रिय पर्याय आहे. २०१७ मध्ये आलेल्या या रेडिओच्या आकाराच्या यंत्रात पाच हजार गाणी आधीच भरलेली असतात. त्याची मराठी आवृत्तीही आहे, आणि मोठी बटणे ही तिची खरी ताकद. भरलेली गाणी बदलता येत नाहीत, पण यूएसबी पेन ड्राइव्ह लावून स्वतःची गाणी ऐकता येतात.

दुसऱ्या टोकाला, सोनीनेच २०२३ मध्ये भारतात आणलेला एनडब्ल्यू-झेडएक्स७०७ हा वॉकमन तब्बल ६९,९९० रुपयांचा होता. एवढा खर्च करण्याआधी आपल्याकडच्या फाइल्स त्या तोलाच्या आहेत का, हे पाहावे.

घ्यायचा असेल तर काय तपासावे?

• आपला संग्रह किती तासांचा आहे, ते आधी मोजा. त्यानुसार मेमरी कार्ड घ्या. खोट्या क्षमतेची कार्डे बाजारात असतात, त्यामुळे कार्ड पूर्ण भरून तपासल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका.
• खरी बटणे आहेत का आणि ती न बघता सापडतात का, ते दुकानातच पाहा.
• परदेशातून आणत असाल तर वॉरंटी भारतात चालते का, ते विचारा.
• जुना आयपॉड घेत असाल तर बॅटरी आणि हार्ड डिस्क थकलेली असणार हे गृहीत धरा. दोन्ही बदलून देणारे कारागीर आहेत, हार्ड डिस्कच्या जागी फ्लॅश कार्ड बसवण्याचीही पद्धत आहे.
• वापरात नसलेला प्लेअर पूर्ण रिकामा करून ठेवू नका. अर्धा चार्ज करून ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा पाहा.
• प्लेअरला तिजोरी समजू नका. जतनाचा सर्वमान्य नियम ३-२-१ असा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आम्ही चुकलो ते इथेच.

मग दोघांत बरा कोणता?

नवे काही घ्यायचे असेल तर वॉकमन. फाइल्स सरळ आत-बाहेर होतात, कार्ड बदलता येते, वजन कमी आहे. चांगल्या अवस्थेतला आयपॉड घरात असेल तर तो टाकू नये. डोळ्यांचा आधार नसलेल्या माणसाला त्याचे चाक अजूनही जास्त आधार देते. आवाजाच्या कसोटीवर मात्र घरगुती ध्वनिमुद्रणापुरते दोघांत डावे-उजवे करता येणार नाही.

आमच्या घरी सध्या गुरुजी तीन ठिकाणी आहेत. वॉकमनच्या कार्डावर, माझ्या पुण्यातल्या हार्ड डिस्कवर आणि भाचीकडे सिंगापूरला. आयपॉडला नवी बॅटरी बसवून घेतली. वडील दिवसा वॉकमन वापरतात आणि रात्री दिवा मालवल्यावर आयपॉड. परवा विचारले, तर म्हणाले, ‘‘अंधारात ते टिक् टिक् बरं वाटतं रे.’’